ठमीच्या मापाचा गाऊन

हॅलो?… हॅलो, कोण?… हां, ताई! बोल ना… नाही गं, झोपले नव्हते. जागीच आहे. म्हणजे… बसलेय.

कुठे काय? शिवणाच्या खोलीत, जमिनीवर… अगं पडले नाही! मुद्दाम बसलेय. टेबलावर गाऊन आहे, खुर्चीवर त्याचा घेर आहे, आणि मागचं शेपूट पार दारापर्यंत गेलंय. मला बसायला जमीनच उरली.

रडत नाहीये… बरं, थोडी रडले. झालं रडून. आता नुसती बघत बसलेय. पडद्यातून ऊन येतंय ना, ते सगळं त्या गाऊनवर सांडलंय. खोलीत पाणी भरलंय आणि मी तळाशी बसलेय असं वाटतंय, ताई. रस्त्यावरचे आवाजसुद्धा लांबून येतायत. तुझाही लांबून येतोय.

नाही, डॉक्टर नको… हो, हो… अगं ऐक ना! सांगते. फक्त मध्ये बोलायचं नाही… बघ, बोललीसच.

ती मुलगी सांगितली होती ना तुला? आईच्या लग्नाचा गाऊन घेऊन आलेली?… तीच. आई गेली तिची, ही लहान असतानाच. आता त्याच गाऊनमध्ये तिला लग्न करायचंय. आई अंगाने चांगली भरलेली असणार. मला म्हणाली, 'काकू, माझ्या मापाचा करून द्याल?' गोड पोर आहे गं. टाचणी टोचते माझ्या हातून आणि सॉरी म्हणते ती.

आणि लग्न कोणाशी करतेय, सांग… नाही… नाही गं, कोण डॉक्टर? तुझ्या डोक्यात डॉक्टरच असतात… ताई, आपल्या ठमीशी ज्याचं ठरलं होतं ना, त्याच्याशी.

हॅलो?… आहेस ना?… अगं हळू, कान फुटेल माझा!

तिला काही माहीत नाही. टेप घेऊन तिच्या पायाशी बसलेली बाई ठमीची आई आहे, हे तिला कोण सांगणार? मलाही कुठे माहीत होतं. दुसऱ्या खेपेला तो तिला न्यायला आला, तेव्हा कळलं. वर नाही आला, खाली गाडीला टेकून उभा होता. मी खिडकीतून बघितलं. माझ्या टेबलाशी बसून पोटभर जेवलेला मुलगा, ताई! फोनवर 'मला खात्री वाटत नाही' म्हणाला आणि मोकळा झाला. आणि माझी पोर कितीतरी महिने ताटावर बसून नुसते घास चिवडत होती.

गाऊन परत कसा करू?… काय सांगू, मशीन बिघडलं?… इतकी वर्षं मला पोसलंय त्या मशीनने, त्याच्यासमोर बसून त्याच्याचविषयी खोटं बोलू?

आलं ना मनात. आलं नाही कशाला म्हणू? गुंडाळावा आणि खिडकीतून गाडीच्या टपावर टाकावा, इथपर्यंत आलं. पण काम घेतलंय. आणि आपली आई आठवली. शिवण प्रभूला दाखवायचंय असं समजून शिव, म्हणायची, आणि त्याला उलटी बाजू आधी दाखवायची… हो ना, तुझे टाके उसवायची ती. माझेही उसवायची.

म्हणून म्हटलं, प्रभू, तुझं नाव घेऊन करते. रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून क्षमा, क्षमा म्हणायला काही लागत नाही गं. सोमवारी तीच क्षमा हातात पिशवी घेऊन दारात उभी राहते आणि विचारते, काकू, कधीपर्यंत द्याल?

मोठी संत वगैरे काही नाही मी… नाही, ऐक. खरी गोष्ट पुढेच आहे. गाऊन बिघडलाय, ताई. मी बिघडवलाय.

अगं, तो कोपऱ्यातला पुतळा आहे ना माझा? ज्याच्यावर कपडा चढवून मी बसवते? गिऱ्हाइकाच्या अंगाप्रमाणे त्याला कापूस गुंडाळून जाडबारीक करते… हां, भाऊजी दचकले होते बघून, तोच. तर त्याच्यावर ठमीचं माप होतं. तिचं लग्न ठरलं तेव्हा गुंडाळलेलं. नंतर ते काढायला माझा हातच उठला नाही. चादर घातली त्याच्यावर आणि बाकीची कामं टेपने उरकली. पण हा गाऊन जड, पुतळ्याशिवाय बसेना. चादर काढली, गाऊन चढवला आणि शिवायला लागले.

टेप गळ्यातच होती. एकदाही लावली नाही. दुपार होती, अशीच उन्हाची, आणि मी टाके घालत होते, आणि मला काय दिसत होतं माहितीये? ठमी चालतेय. चर्चच्या दारापासून आत, सावकाश, ह्याच गाऊनमध्ये. तिच्या बाबांच्या हाताला धरून. ते गेलेत, हेसुद्धा मला आठवलं नाही, ताई. घेर कसा पडतोय, बाही कुठे संपतेय, सगळं बघत होते. इतकं सुंदर शिवण माझ्या हातून आयुष्यात झालं नाही. मग कात्री घेतली आणि आतली माया कापून टाकली. शिलाईच्या आत जास्तीचं कापड ठेवतो ना आपण, पुढे कधी सैल करायला? ते. सगळं. पाव बोटसुद्धा ठेवलं नाही.

हो. ठमी म्हणजे काडी. ती मुलगी कशी बसणार त्यात?

आज सकाळी आली घालून बघायला. पाठीची बटणं लागेनात. एकही लागेना. मध्ये माझा हात जाईल एवढी फट. मी मागे उभी, ती आरशात बघतेय. आणि मला म्हणते, 'सॉरी काकू, मीच जाड झाले असेन.'

आणि मी, ताई, मान हलवली. हो, झाली असशील, अशी. तेच मला सकाळपासून खातंय.

मुद्दाम?… तेच तर कळत नाहीये. मुद्दाम केलं असतं तर निदान कबूल तरी करता आलं असतं. हात चुकला, की मनाला हवं होतं तेच हाताने केलं?… नाही ना माहीत.

ताई! असं बोलू नकोस. देवाला कोणाला धडा शिकवायला माझी कात्री कशाला लागतेय? आणि त्याला कुठे काय झालं? तो खाली गाडीत गाणी ऐकत बसला होता. आरशासमोर लाजेने लाल झाली ती.

आहे, उपाय आहे. दोन्ही बाजूंना काखेपासून खालपर्यंत पट्ट्या घालायच्या. नीट घातल्या तर आधीपासूनच तशा होत्या असं वाटेल. पण कापड? कापलेल्या मायेच्या नुसत्या चिंध्या उरल्यात. सगळी दुकानं पालथी घालून आले. नवं पांढरं त्याच्याशेजारी धरलं की ठिगळ दिसतं. जुनं सॅटिन ते, दुधावरच्या सायीचा रंग आलाय त्याला.

आहे एका ठिकाणी… ओळखलंस ना?… हो. ठमीचंच. पेटीतलं. तूच होतीस ना घ्यायला, त्या दुकानदाराने सगळे गठ्ठे खाली काढले होते आणि तू म्हणालीस, पांढरंफटक नको, सायीसारखं घे.

हात नाही लावला. तिचं आहे ते. तिला विचारल्याशिवाय कसं घेऊ? आणि विचारू कुठल्या तोंडाने? ठमे, तुझ्या लग्नाचं कापड दे गं, त्याच्या लग्नाला हवंय?… आत्ता कुठे ती जरा हसायला लागलीय. कामावरच्या, त्या चष्म्याच्या दुकानातल्या गमती सांगते, जेवते. आणि उद्या संध्याकाळी ती मुलगी गाऊन न्यायला येणार. परवा लग्न.

प्रार्थना करतेय ना. पण 'प्रभू' म्हणते आणि पुढे शब्दच येत नाही. तिथेच अडते… काय झालं?… काय उतू गेलं? दूध? मग जा ना, गॅस बंद कर आधी! मी आहे. धरते फोन.

…

…प्रभू, तू आहेस ना लाइनवर? ताई गेलीय दूध बघायला. तू निदान मध्ये बोलत तरी नाहीस… माझी पोर का नाही रे? एवढंच विचारायचं होतं. सकाळपासून इकडचं तिकडचं बोलतेय तुझ्याशी, पण विचारायचं हेच होतं… बघ, ऊन खुर्चीवरून खाली आलं…

हां, ताई. पुसलंस?… नाही, कोणाशी नाही बोलत होते… एक मिनिट. दार वाजलं. थांब, ठेवू नकोस.

ठमी? आज लवकर कशी गं?… हो, मावशी आहे फोनवर… हा? हा गाऊन गिऱ्हाइकाचा… अगं, पाय जपून… ठमी. बस इथे… बस म्हणते ना.

ताई, तू गप्प बस जरा.

ठमी, हा गाऊन… त्याच्या होणाऱ्या बायकोचा आहे. तिच्या आईचा आहे खरं तर. आई नाहीये तिला. आणि मी तो… तुझ्या मापाचा करून ठेवलाय… चुकून. तुझ्या पुतळ्यावर… हसतेस काय?… ठमी, असं हसू नको, मला भीती वाटते… तिला बसत नाहीये आता. दोन पट्ट्या घालायच्यात, आणि तसलं कापड… तुझ्या पेटीतच आहे. नाही म्हण. नाही म्हटलंस तरी चालेल. मी काहीतरी करेन, त्या मुलीच्या पाया पडेन… ठमी?

…

ताई. आत गेली. हसत होती आणि हसता हसताच तोंडावर हात ठेवला. दार लावून घेतलं गं.

नाही, नको जाऊ म्हणतेस ना? मलाही तेच वाटतंय… विचारायलाच नको होतं. दोन पोरींपैकी एकीला तरी आज मी दुखवायला नको होतं… थांब.

पेटीचं झाकण वाजलं.

…हो, आली बाहेर. छातीशी धरून आणलंय. अजून दुकानाच्या कागदातच आहे ते… डोळे सुजलेत तिचे… काय म्हणालीस, बाळा?… ताई, ती म्हणतेय, त्याच्यासाठी मी एक दोरा देणार नाही. हे तिच्या आईसाठी देतेय.

असू दे राग, ठमी. राग आहे तो आहे. नाही, कापड तू धरायलाच पाहिजे असं नाही, मी टेबलावर पसरून… बरं. बरं, धर.

ताई, कागद फाडला तिने… काय सांगू, कसं दिसतंय. अगदी सारखं आहे, गं. कुठला गाऊन आणि कुठलं कापड, मलाच कळत नाहीये ह्या उन्हात… हो. मी त्या मुलीला उद्या खरं सांगणार आहे. जाड झालीस म्हणून नाही, माझ्याकडून चुकलं म्हणून. मी कोणाची आई आहे ते सांगायचं की नाही, ते ठमी ठरवेल.

काय गं?… ती विचारतेय, आई, तिचं नाव काय?… नावाशी काय करायचंय तुला?…

ताई, ती म्हणतेय, कात्री लावायच्या आधी तू कायम नवरीसाठी प्रार्थना करतेस. आज तुझ्याच्याने होणार नाही, मी करते. नाव सांग… डोळे मिटून उभी आहे. कापडाचं एक टोक हातात धरून.

नाही, रडत नाहीये… ताई, ठेवते मी. ती मुलगी, ती मुलगी म्हणतेय मी इतका वेळ. मला तिचं नाव घ्यायचंय.