एका हाताचा नमस्कार

हसाल तुम्ही, पण सात वर्षं मी देवाला एकाच हाताने नमस्कार केला. दुसऱ्या हातावर शकू असायची. माझी लेक बसत नव्हती, बोलत नव्हती, आणि खाली ठेवली की फिट यायची भीती.

सोळा सोमवार धरले तेव्हा जाऊबाईंना म्हटलं, "पूजेपुरती घ्या ना हिला."

"तुह्यावानी कोणाले जमते वो? तू तर देवी आहेस, देवी!"

आमच्या अड्याळ गावात सगळ्यांनी मला अशीच देवी केली आणि आपापल्या घरी गेले.

एका सोमवारी बांगड्या भरायला कासारीण मावशी आली. माझा हात हातात धरून म्हणाली, "पोटभर झोपली कधी होती वो बाई?" मला आठवेना. तिने शकूला मांडीवर घेतलं, कानाशी बांगड्यांची माळ किणकिणवली. शकू चक्क हसली.

"जाय, देवळात जाऊन ये. मी आहो ना इथं."

महादेवापुढे दोन्ही हात जोडले आणि त्या हातांकडेच बघत राहिले. मग शकूच्या काळजीने तशीच घरी पळाले.

"इतक्या लवकर काहून आली? काय मागतलं देवाले?"

"अगं बाई, मागायचंच राहिलं!"

"मंग पुढच्या सोमवारी जाय आन् माग. मी आहोच."

पुढच्या सोमवारी देवळातून आले, तर मावशीने पुन्हा तेच विचारलं. व्रतात खोटं बोलू नये, ठाऊक आहे मला. तरी म्हणाले, "याही वेळी विसरले हो, मावशी!"