सिरवार्दची पाकिटातली चाल

बायको सिरवार्द गेल्याचं हॉस्पिटलातून कळलं, त्या दिवसापासून हमाझास्पने दोघांचा अर्धा राहिलेला बुद्धिबळाचा डाव पटावर तसाच ठेवला होता. ॲडमिट होण्याआधी तिने आपली पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद केली होती. तिच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर तो येरेवानच्या बेकरीत रांगेत उभा राहिला. पुढे दोन अनोळखी बायका बोलत होत्या.

"क्लबात सिरवार्दची खुर्ची बघवत नाही गं."

"साठीत शिकायला आली. दोन वर्षं माझ्याकडून हरली!"

"पण हरलेला प्रत्येक डाव वहीत उतरवायची. रोज सकाळी तासभर तोच मांडून बसायची."

"म्हणून तर ईस्टरला तिने माझा धुव्वा उडवला! हॉस्पिटलात मी विचारलं, आता नवऱ्यालाही हरवतेस की नाही?"

"मग?"

"म्हणाली, 'हरेल त्याने कॉफी करायची, असं ठरलंय. आजवर मीच करतेय. पण या वेळी पाकिटात अशी चाल ठेवलीय, की त्यालाच उठावं लागेल.'"

"वा गं बाई!"

"आजोबा, पुढे सरका," रांगेत मागून कुणीतरी म्हणालं.

हमाझास्पने पाव घेतला. घरी येऊन दोन कप कॉफी केली आणि पटासमोर बसला.

पाकीट अजून उघडायचं राहिलं आहे.