आरशातला थवा

ॲम्ब्रोज : पण रिपोर्ट एकीचाच आलाय ना, डॉक्टर? परवा मेली तिचा. मग बाकीच्यांचं नाव कशाला घेता?

शुभ्रा : काका, फ्लेमिंगोंमध्ये बर्ड फ्लू एकीला निघाला की थव्याला झाला असंच धरतात. एकच तळं, एकच पाणी, एकाच टबात खाणं. सरकारी टीम अबू धाबीहून निघालीय.

ॲम्ब्रोज : औषधं घेऊन?

शुभ्रा : नाही.

ॲम्ब्रोज : म्हणजे मारायला? सगळ्या?

शुभ्रा : तळ्यावरच्या सगळ्या. पिल्लूसुद्धा.

ॲम्ब्रोज : ते अजून राखाडी आहे, बाय. गुलाबी पण झालं नाही.

शुभ्रा : माहितीये मला. त्याच्या पायात रिंग मीच घातली होती.

ॲम्ब्रोज : मग ऐका ना. हॉटेलचं टेनिस कोर्ट रिकामं आहे. तिकडे पार्टिशन टाकतो, तीन-चार, तीन-चार करून वेगळ्या ठेवतो. जी आजारी पडेल ती पडेल. उरतील त्या तरी उरतील.

शुभ्रा : लॉबीच्या कारंज्याचं आठवतं ना? जीएमना शोभेसाठी चार हव्या होत्या.

ॲम्ब्रोज : आठवतं. चारही उपाशी. गेस्ट लोक सेल्फी काढायचे आणि त्या आपल्या दाराकडे तोंड करून उभ्या. परत तळ्यावर आणल्या तेव्हा कुठे खायला लागल्या.

शुभ्रा : वेगळ्या ठेवून त्या जगत नाहीत, आणि एकत्र ठेवल्या तर... तशीही परवानगी मिळणार नाही. मी सकाळपासून तीन लोकांशी बोललेय.

ॲम्ब्रोज : तुम्हीच म्हणायच्यात, थवा मोठा तेवढा चांगला.

शुभ्रा : चांगलाच असतो. शंभर डोळे पहारा देतात. आजूबाजूला गर्दी दिसली तरच अंडी घालतात. आपल्याकडे गर्दी नव्हती, म्हणून तर तळ्याकाठी आरसा लावला.

ॲम्ब्रोज : आरशाची रिक्वेस्ट घेऊन मी परचेसच्या दत्तप्रसादसाहेबांकडे गेलो, तर म्हणाले, "पक्ष्यांना लिपस्टिक पण हवी का, हबीबी?" आणि त्याच वर्षी चिखलाची घरटी बांधली की नाही पोरींनी? पिल्लू झालं तेव्हा हेच साहेब केक घेऊन आले.

शुभ्रा : मग हिवाळ्यात ते रानटी फ्लेमिंगो उतरले, आणि त्यांच्याबरोबर हा रोग.

ॲम्ब्रोज : मी काय खूश झालो होतो! वरून जाणारा थवा, आपल्या पोरींना बघून खाली आला. त्यांना वाटलं असणार, एवढ्या जणी निवांत खातायत, म्हणजे जागा चांगली आहे.

शुभ्रा : आरशामुळे तर दुप्पट दिसल्या असतील.

ॲम्ब्रोज : तेव्हा तुम्हीसुद्धा फोटो काढले.

शुभ्रा : काढले. अजून फोनमध्ये आहेत.

ॲम्ब्रोज : डॉक्टर, एक विचारू? कोविडमध्ये मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या स्टाफ अकोमोडेशनमध्ये होतो. खोलीत आठ जण. आमच्यातल्या डेरिकला झाला आणि आठही जणांना बसमध्ये घालून नेलं. पण त्याआधी डेरिकला ताप होता तेव्हा पेज बाकीच्या सात जणांनीच भरवली होती. एकटा असता तर कुणाला कळलंही नसतं. म्हणजे एकत्र राहिलो म्हणून झाला, आणि एकत्र होतो म्हणून वाचला. बरोबर?

शुभ्रा : बरोबर.

ॲम्ब्रोज : आम्हाला परत तरी आणलं.

शुभ्रा : काका, मला दुसरं काही सुचत असतं तर मी इथे अशी उभी राहिले असते का? अजून एक सांगायचंय. अवघड आहे.

ॲम्ब्रोज : याहून अवघड?

शुभ्रा : टीमकडे जाळी आहेत. जाळं पडलं की काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे.

ॲम्ब्रोज : एक घाबरली की सगळ्या पळतात. एकमेकींवर पडतील. पाय तर काडीसारखे. नको, नको.

शुभ्रा : त्या आपणहून शेडमध्ये गेल्या तर पुढचं शांतपणे होईल. गॅस असतो. झोपल्यासारखं होतं. पण त्या फक्त तुमच्या मागे जातात. तुम्ही नाही म्हणू शकता. मी तसं लिहून देईन, कुणी जबरदस्ती करणार नाही.

ॲम्ब्रोज : आणि मी नाही म्हटलं तर जाळं.

शुभ्रा : हो.

ॲम्ब्रोज : मग हे कसलं विचारणं झालं, बाय?

शुभ्रा : म्हणूनच सांगायला मी स्वतः आले.

ॲम्ब्रोज : शेडच्या आत आरसा ठेवावा लागेल. मागच्या भिंतीला. आत आधीच कोणीतरी आहे असं वाटलं की जातात. नाहीतर दारात अडून राहतात.

शुभ्रा : ट्रॉली मागवते.

ॲम्ब्रोज : आणि टीमचा तो पांढरा पीपीई सूट मी घालणार नाही. त्यांनी मला कायम हिरव्या जाकिटात बघितलंय. पांढरा माणूस बघून बिथरतील.

शुभ्रा : सूट घालावाच लागेल, मास्कपण. जाकीट वरून चढवा. नंतर तेही जाळायला द्यावं लागेल.

ॲम्ब्रोज : द्या. आवाज तर मास्कमधून जाईल? रोज "यल्ला पोरींनो" म्हणतो, तेवढं ऐकलं तरी येतील. बादली पण वाजवतो. टबात खाणं टाकू द्याल ना?

शुभ्रा : टाका.

ॲम्ब्रोज : त्यांची एक सवय आहे. आधी कोणीच चोच घालत नाही. एकमेकींकडे बघत राहतात. पहिलीने घातली की मग सगळ्या. तेवढा वेळ थांबायला सांगा टीमला. खायला लागू देत.

शुभ्रा : सांगते. मी स्वतः दाराशी उभी राहीन.

ॲम्ब्रोज : आणि इनेज?

शुभ्रा : इनेज यादीत नाही. पाय दुखावला म्हणून ती आधीपासून लॉन्ड्रीच्या मागच्या स्टोअरमध्ये होती, हॉटेलच्या दुसऱ्या टोकाला. तिची टेस्ट निगेटिव्ह आलीय. तिला ठेवायची परवानगी मी मिळवलीय. एवढंच मिळालं.

ॲम्ब्रोज : माझी इनेज मावशी अशीच एका पायावर उभी राहून शेजारणीशी भांडायची, म्हणून ते नाव. तिला दुसऱ्या कुठल्या पार्कात पाठवा ना. तिथे तिच्यासारख्या असतील.

शुभ्रा : इथून एक पीसही बाहेर न्यायला बंदी आहे. काही महिने तरी.

ॲम्ब्रोज : लॉन्ड्रीतली शेरॉन सांगते, वारा तळ्याकडून आला आणि यांचा गलका ऐकू आला की इनेज तेवढ्यापुरती खाते. उद्यापासून काय ऐकेल? मला जाऊन बसू द्या तिच्याजवळ.

शुभ्रा : नाही काका. तुम्ही तळ्यावरचे. तिच्या आसपासही फिरकायचं नाही. शेरॉनकाकूच बघतील तिला.

ॲम्ब्रोज : मग आपला आरसा तरी द्या तिला. काम झाल्यावर.

शुभ्रा : तो आत यांच्याबरोबर असणार. तोही जाईल.

ॲम्ब्रोज : खलास. चला, ट्रॉली येईपर्यंत मी काच पुसून घेतो. धूळ असली की त्यांना नीट दिसत नाही.

(दुपार उलटलेली. तळ्यावर नुसतं पाणी. ॲम्ब्रोजचा फोन वाजतो.)

शेरॉन : झालं?

ॲम्ब्रोज : झालं.

शेरॉन : कुणी पळालं नाही ना?

ॲम्ब्रोज : नाही. बादली वाजवली, माझ्यामागून रांगेत आल्या. पिल्लू मधोमध होतं. ते जाऊ दे. इनेज कशी आहे?

शेरॉन : मान पंखात खुपसून उभी आहे. सकाळचं टबात तसंच पडलंय. ॲम्ब्रोज, तू जेवलास का?

ॲम्ब्रोज : नंतर. तिकडे रूम रेनोव्हेशनचे काढलेले आरसे आहेत ना, व्हरांड्यात?

शेरॉन : कपाटाचे? ढीग पडलाय. एक आणू?

ॲम्ब्रोज : दोन आण. तिच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे कर.

शेरॉन : दोन कशाला? पक्षी तर एकच आहे.

ॲम्ब्रोज : एका आरशात एकच दिसते. समोरासमोर ठेवले की मागे मागे पुष्कळ दिसतात.

शेरॉन : बरं. फोन ठेवू नको. मी आणते... केवढे जड आहेत हे... एक लागला. थांब, दुसरा भिंतीला टेकवते. अगं बाई!

ॲम्ब्रोज : काय झालं?

शेरॉन : काही नाही. खरंच किती दिसतात रे. लांबपर्यंत.

ॲम्ब्रोज : ती काय करतेय?

शेरॉन : मान काढली बाहेर. इकडे बघतेय, तिकडे बघतेय. टबापाशी आली.

ॲम्ब्रोज : खातेय?

शेरॉन : नाही. उभी आहे नुसती, त्यांच्याकडे बघत.

ॲम्ब्रोज : वाट बघतेय. आधी त्यांच्यातलं कुणीतरी खायला लागेल म्हणून.