सड्यावरचं टेकाड

दिंडोशी कोर्टाबाहेर नोटरीच्या टेबलासमोर विनिता रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारी आणि तिचा पुतण्या होता.

"काकी, गावच्या खाणीच्या संमतीवर नुसती सही कर. वाचत काय बसलीस?"

"नितेश, ही चिरेखाण टेकाडाला लागूनच ना?"

"आपल्या जमिनीत आहे. टेकाडाला कोण हात लावतंय?"

"मशीन लागलं की कातळाचा सगळा सडा हादरतो. संरक्षित आहे ते, सरकारचा बोर्ड आहे तिथे."

"बोर्ड गंजून पडला, यार! आत आहे काय? दगड."

"माणसं आहेत. तीन हजार वर्षांपूर्वी पुरलेली. पुरातत्त्ववाल्यांचं खोदकाम झालं तेव्हा मातीच्या पाट्या मी उचलल्यात. एक लहानसं पोर होतं, गळ्यात लाल मणी होते."

"आपलं कोण लागतं ते?"

"कोणी नाही. त्यांचं आता कोणीच नाही, म्हणून तर. माका नाय करूची सही."

"मग गावच्या घरात पाय ठेवायचा नाही, सांगून ठेवतो!"

"ठेवणार. माझ्या नवऱ्याने बांधलंय ते."

रांग सरकली. नोटरीने हात पुढे केला. नितेशने कागद दिला, तो म्हातारीने मध्येच ओढून घेतला.

"साहेब, हा नको. खाणीला माझी हरकत आहे, तसं लिहून घ्या. शेवंती दशरथ घाडी."

"काकी, वेडी झालीस काय?"

"लिहा, साहेब."

"लिहितो, आजी. पण साक्षीदार लागेल."

नितेश पाठ फिरवून चालू लागला. म्हातारीने मागे वळून पाहिलं.

"कुठे सही करू, मावशी?" विनिताने विचारलं.