गुलाबी कागदावरच्या एकतीस संज्ञा

…आणि वर मलाच विचारते, ‘अगं जुनेल, किती वाळलीस! जेवतेबिवतेस की नाही?’ आता याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा! जिनं माझं अन्नमदतीचं कार्ड महिनाभर बंद केलं, तीच ही बाई, व्हर्डीन स्टिडम, काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कार्यालयात काचेच्या पलीकडे बसून, समोर मऊ, पावासारखी बिस्किटं आणि ग्रेव्हीची बशी ठेवून, मला विचारते जेवतेस का! मी काय बोलले माहितीये? मी म्हटलं, ‘हो, मिस व्हर्डीन, थँक्यू.’ थँक्यू! जीभ झडली नाही माझी! पण तुम्हाला सांगते, काचेवरच्या त्या भोकाकडे बघत मी मनात नोंद करून ठेवली. कारण घाबरट आहे मी, विसरभोळी नाही.

घाबरट तर आहेच, ते काही लपवत नाही. टोस्टरमधून पाव उडाला तरी मी उडते. कॉलेजात चार वर्षं इतिहास शिकले, पण वर्गात प्रश्न विचारायचा म्हटलं की हात अर्ध्यावर जाऊन केस सारखे करून परत यायचा. म्हणून तर वाचनालयात नोकरी धरली, तिथं कुणी ओरडत नाही. तर वाचनालयच बंद पडलं! आमच्या टर्की फोर्क गावात बाकी उरलं काय? खाण गेली, शाळा पलीकडच्या गावात गेली, एक स्वस्तातलं दुकान, एक पेट्रोल पंप, एक अंत्यविधीवाले. मग मी गेले कार्डासाठी. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? भूक लागते, गेले.

तर व्हर्डीननं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, म्हशीची पारख करतात तसं, आणि लिहिलं, ‘सक्षम शरीराची, अवलंबून कोणी नसलेली प्रौढ व्यक्ती.’ मी म्हटलं, हे काय वर्णन झालं? माणूस आहे की बांधकामाचं सामान? ती म्हणाली, ‘संज्ञा आहे गं ती. म्हणजे तुला काम करावं लागेल, नाहीतर शिकावं लागेल, नाहीतर काम शोधावं लागेल. नाहीतर कार्ड बंद.’ आणि तिनं स्टेपलर दाबला, ठाप्! मी खुर्चीतून चार बोटं वर. तर तिनं तेही लिहिलं हो! ‘अस्वस्थ, परंतु सक्षम.’

मग भेटीचं पत्र आलं. ‘बुधवारी सकाळी दहाला हजर राहावे.’ आलं कधी? शुक्रवारी! आमच्या खोऱ्यात टपाल येतं ते ओढ्याच्या मर्जीनं. ओढा फुगला की टपालवाला पुलापाशी गाडी थांबवतो, एक सिगारेट ओढतो आणि परत जातो. मी धावत कार्यालयात.

‘मिस व्हर्डीन, पत्र शुक्रवारी मिळालं!’

‘आम्ही तर सोमवारीच पाठवलं.’

‘पण मला मिळालं शुक्रवारी!’

‘मिळाल्याचा रकाना नाहीये गं इथं. पाठवल्याचा आहे.’

झालं! पहिली चूक, एक महिना कार्ड बंद. दुसरी झाली तर तीन महिने, तिसरी झाली तर सहा. तो महिना मी कसा काढला, विचारा. उकडलेल्या घेवड्याच्या बिया आणि मक्याचा पाव, मक्याचा पाव आणि उकडलेल्या घेवड्याच्या बिया, आणि रविवारी बदल म्हणून दोन्ही एकत्र! शेजारचा एल्झी, खाणीत पाठ मोडून घेतलेला त्रेपन्न वर्षांचा माणूस, स्वतः कार्डावर जगणारा, दारात बरणी ठेवून जायचा आणि वर म्हणायचा, ‘जुनेल, ह्या घेवड्याच्या शेंगा घरात जागा अडवतात बघ, तेवढ्या संपव.’ आणि इकडे मिस व्हर्डीन ग्रेव्हीत बिस्किटं बुडवते… घाबरट आहे मी, विसरभोळी नाही!

आता सूड घ्यायचा म्हणजे कसा? गाडीची हवा सोडायची? मला हवेचा फुस्स आवाज सहन होत नाही. तोंडावर बोलायचं? पुन्हा थँक्यूच म्हणाले असते. माझ्याकडे काय होतं? एक गुलाबी कागद. पहिल्या दिवशी सगळ्यांना देतात तो. ‘महत्त्वाच्या संज्ञा’, पाठपोट, एकूण एकतीस, मुंगीच्या पावलाएवढी अक्षरं. सहभागी म्हणजे कोण, सक्तीचा सहभागी कोण, ऐच्छिक कोण, घटक म्हणजे काय, सूट कुणाला, योग्य कारण कशाला म्हणावं. कुणी वाचत नाही हो! एल्झीनं तो टेबलाच्या आखूड पायाखाली घातला होता. ट्रीसा म्हणून कार्डाच्या रांगेतलीच एक आहे, लाल नखांची, कुणाच्या बापाला न भिणारी, तिनं त्याच्यात च्युइंगम गुंडाळलं होतं. पण मी शिकलेली पडले ना! चार वर्षं जुने दस्तऐवज वाचले, त्याचा उपयोग दुसरा कुठे व्हायचा? महिनाभर जेवायला फारसा वेळ लागत नव्हता, तेव्हा मी त्या एकतीसच्या एकतीस वाचल्या. तीनदा. पेन्सिलीनं खुणा करून.

मग महिना संपला, कार्ड सुरू झालं आणि मला घटकात टाकलं. घटक म्हणजे काय, तर देखरेखीखालचा नोकरीशोध. एक खोली, सहा माणसं, चार संगणक, त्यातले चालणारे दोन. महिन्याला बारा ठिकाणी अर्ज करायचा आणि प्रत्येकाची सही आणायची. बारा! टर्की फोर्कमध्ये बारा जागा तुम्ही मला मोजून दाखवा! आम्ही सहाजणं रांगेनं त्याच तीन दारांत. पेट्रोल पंपावरचा पोरगा लांबून दिसलो की सही करूनच ठेवायचा. अंत्यविधीवाले फार सभ्य गृहस्थ, टोपी काढून म्हणायचे, ‘सध्या तरी जागा नाही, पण आपली भेट पुढे कधीतरी होणारच.’

आणि एका सोमवारी कार्यालयात रांगेत उभी असताना माझं लक्ष भिंतीकडे गेलं. पिवळा पडलेला कागद, कोपरे वळलेले. ‘या कार्यालयात नोकरीचे अर्ज वर्षभर स्वीकारले जातात.’ माझ्या अंगावर काटाच आला! कारण सतरावी संज्ञा मला पाठ. ‘नियोक्ता, म्हणजे अर्ज स्वीकारणारी कोणतीही व्यक्ती, दुकान, संस्था अथवा कार्यालय.’ कार्यालय! आणि तिच्याखाली अठरावी. ‘नियोक्ता कार्यालय असल्यास प्रत्येक अर्जास दहा दिवसांत लेखी उत्तर देणे बंधनकारक.’ प्रत्येक! लेखी! बंधनकारक! अहो, देवानं स्वतः टंकून पाठवल्यासारखं वाटलं मला.

गुलाबी कागद पर्समधून काढला आणि गेले काचेपाशी.

‘मिस व्हर्डीन, इथं… म्हणजे… इथं नोकरी आहे का?’

‘इथं? नाही बाई.’

‘मग तसं लेखी द्या. दहा दिवसांत. अठराव्या संज्ञेप्रमाणे.’

‘कसली अठरावी?’

बघितलंत? तिनं कागद वाचलाच नव्हता! बावीस वर्षं वाटतेय आणि एकदा वाचला नव्हता! मी माझी प्रत काचेखालून सरकवली. तिनं चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. त्या दिवशी मी घरी येताना गाडीत गाणं म्हटलं, मोठ्यानं, आणि माझ्याच आवाजाला दचकले.

आठवड्याला तीन अर्ज. झाडू मारायची जागा, फायली लावायची जागा, जी नाहीये ती जागा. ट्रीसानं विचारलं, ‘काय गं भित्री भागूबाई, हल्ली तुझ्या गालावर लाली कसली?’ मी सांगितलं. तिनं टेबलावर हात आपटला, मी उडाले, आणि ती म्हणाली, ‘अर्ज आण इकडे!’ तिच्यामागून बाकीचे चौघं, त्यांच्यामागून कार्डाच्या रांगेतली अख्खी खोरीच्या खोरी. सही आणायला वणवण नको, पेट्रोल नको, एकाच काचेपाशी महिन्याचे बाराच्या बारा! व्हर्डीननं पहिल्या आठवड्यात उत्तरं लिहिली. दुसऱ्या आठवड्यात घरी नेऊन लिहिली. माझे अर्ज मात्र ती मुद्दाम सगळ्यात खाली सरकवायची. सरकव म्हटलं, सरकव! मी आणखी आणते!

पण खरी गंमत एल्झीनं केली, आणि तीही अजाणता. गाठी मारल्यासारखी पाठ घेऊन तो अर्ज द्यायला आला तो काखेत बरणी घेऊन. खारवलेल्या शेंगांची. मी म्हटलं, ‘अहो हे काय?’ तर म्हणतो, ‘कुणाच्या दारात काही मागायला जायचं ते रिकाम्या हातानं? आमच्या आईनं तसं वाढवलेलं नाही.’ नोकरी मागायला शेंगा!

व्हर्डीन म्हणाली, ‘एल्झी, हे मला घेता येत नाही रे.’

एल्झीनं बरणी काउंटरवर ठेवली, टोपी काढली आणि शांतपणे विचारलं, ‘का? आमच्या घरचं चालत नाही का तुला?’

संपलं! आमच्या डोंगरात ह्या वाक्यापुढे न्यायाधीशही ताट पुढे करतो. हिनं नको म्हटलं असतं तर पुढच्या रविवारी चर्चमध्ये शेजारी बसायला कुणी मिळालं नसतं. घेतली तिनं! आणि सरकारी माणसानं काही घेतलं की त्याचा वेगळा फॉर्म, तिहेरी. देणाऱ्याचं नाव, अंदाजे किंमत, देण्याचं कारण. एल्झीला विचारलं कारण काय, तर म्हणाला, ‘यंदा शेंगा चांगल्या झाल्या.’ लिहिलं तिनं ते! तीन प्रतींत!

एल्झीनं नेलं म्हटल्यावर बाकीचे मागे राहतात होय? बिटाची लोणची, काकडीची लोणची, सफरचंदाचा सात थरांचा केक, हरणाच्या मांसाचा डबा, आणि एका म्हाताऱ्यानं तर अशी बाटली आणली की कारणाच्या रकान्यात ‘खोकला’ लिहावं लागलं. सरकारकडून अन्न घेणारी माणसं सरकारला अन्न घालतायत! काचेच्या पलीकडे बरण्यांची भिंत उभी राहिली. भिंतीवरून फक्त व्हर्डीनचा अंबाडा दिसायचा, आणि तोही दिवसेंदिवस वाकडा. चौथ्या आठवड्यात तिनं लिपस्टिक लावली ती एकाच ओठाला. मी रांगेत उभी राहून बघत होते… तुम्हाला सांगते, पोट भरत होतं माझं. अन्नाशिवाय! वाईट वाटलं का? वाटलं, मंगळवारी थोडं. मग आठवला तो मक्याचा पाव. घाबरट आहे मी, पण विसरभोळी? छे!

आणि मग आला राजधानीतला साहेब. तपासणीला. करडा कोट, हातात कागद अडकवायची पाटी, त्या पाटीची क्लिप खटकन् वाजली तशी मी दाराच्या चौकटीला धरलं. मनात म्हटलं, आली घटका! आता हिची खरडपट्टी काढतो बघा! दोनशेच्या वर अर्ज पडलेत, उत्तरं नाहीत, बरण्यांआड कार्यालय दिसत नाही. ट्रीसा माझ्या कानात, ‘बस, आता तमाशा बघ.’ साहेबानं अर्जांचा ढीग उचलला. मोजला. व्हर्डीनकडे बघितलं. पुन्हा मोजला. आणि म्हणाला काय?

‘मिस स्टिडम, अख्ख्या राज्यात एवढा नोकरीशोध कुठल्याच काउंटीत झालेला नाही! हे तुम्ही केलंत तरी कसं?’

आणि टाळ्या वाजवल्या! एकट्यानंच! आणि ती, ती बाई, अंबाडा सावरत, मान खाली घालून म्हणाली, ‘लोकांना थोडं उत्तेजन द्यावं लागतं, साहेब.’ उत्तेजन! मला चक्कर यायची बाकी राहिली. तिला मानपत्र मिळालं हो! लाकडी, पितळी पट्टीचं, आता त्या पिवळ्या कागदाच्या जागी तेच लावलंय. जाताना साहेबानं थोडा केक खाल्ला, फॉर्मवर सही केली आणि सांगून गेला, पत्रव्यवहार फार वाढलाय, एक मदतनीस मंजूर करतो.

तीन दिवसांनी फोन वाजला. उडाले, अर्थातच.

‘जुनेल? अभिनंदन गं! मदतनीसाची जागा तुला! सगळ्यांत जास्त अर्ज तुझेच. एकोणीस! एवढी तळमळ मी कुणाची बघितली नाही.’

‘मिस व्हर्डीन, मी… मला… नको म्हटलं तर?’

पलीकडे कागदाची सळसळ. मग चष्मा लावून वाचतात तसा सावकाश आवाज. ‘सव्विसावी संज्ञा. योग्य नोकरी नाकारणे. तुझी ही दुसरी चूक होईल बाळा, तीन महिने कार्ड बंद.’

वाचायला लागली होती ती! कुणामुळे? माझ्यामुळे! पेन्सिलीच्या खुणांसकट माझीच प्रत होती तिच्याकडे!

आता तीन महिने मक्याचा पाव खाऊन बघा तुम्ही, मग मला तत्त्वं शिकवा. मी काय म्हणाले असेन? ‘हो, मिस व्हर्डीन. थँक्यू.’

सोमवारी आठ वाजता गेले. तिनं बिस्किटांची अर्धी बशी माझ्याकडे सरकवली, आणि वाईट याचं वाटतं की ग्रेव्ही खरंच चांगली करते ती. मग तो ढीग माझ्यासमोर ठेवला. ‘सगळ्यांत तळचे आधी घे, ते फार दिवसांचे आहेत.’ तळचे कुणाचे? माझे! एकोणीसच्या एकोणीस!

मी म्हटलं, ‘ह्यांना उत्तर कशाला आता? मी तर लागले ना कामाला!’

‘तू लागलीस नव्या जागेवर. हे अर्ज त्या जागांसाठी, ज्या नव्हत्याच. प्रत्येकाला लेखी उत्तर, बंधनकारक. तूच दाखवलंस ना मला?’ आणि स्टेपलर माझ्या हातात दिला.

बसले लिहायला. ‘प्रिय मिस जुनेल प्रेटर, आपली या कार्यालयात निवड होऊ शकली नाही, हे कळवताना आम्हांला मनापासून खेद होत आहे.’ एकोणीस वेळा लिहिलं. खाली माझीच सही… आणि खेदाचं म्हणाल तर, तुम्हाला शप्पथ सांगते, सरकारी पत्रात इतकं खरं आजवर कुणी लिहिलं नसेल.