मागचा उजवा स्पीकर

…नाही, तुम्हीच सांगा, अठरा दिवस! अठरा दिवस मी टीव्हीमागे डोकं खुपसून बसलो होतो, कशासाठी? तर मागचा उजवा स्पीकर वाजत नाही! हौसेनं टीव्हीला कॉम्प्युटर जोडला, चारी बाजूंनी आवाज येणारी सिस्टिम लावली, म्हटलं, अण्णांना घरातच थिएटर! अण्णा म्हणजे माझे वडील, छत्तीस वर्षं थिएटरात प्रोजेक्टर चालवला. एक स्पीकर खरखरला की केबिनमधून ओरडायचे, "अरे, डावा बघ, डावा!" त्यांचा कान म्हणजे शेवटचा निकाल! म्हणून त्यांनाच खुर्चीत बसवलं आणि वायरींच्या गुंत्यातून विचारलं, "अण्णा, आवाज येतोय का?"

"पुढून येतोय. मागून डावीकडून येतोय. उजवीकडून नाही."

झालं! केबल बदलली. अण्णा, आवाज येतोय का? नाही. कॉम्प्युटरमधला आवाजाचा ड्रायव्हर काढला, नवा टाकला, कॉम्प्युटर बंद, चालू, परत बंद… येतोय का? नाही! सेटिंगमध्ये स्टिरिओचं फाइव्ह पॉइंट वन केलं, एचडी आवाजाचं दिसेल ते बटण दाबलं, तर पुढचेही मुके झाले! ते परत बोलते करण्यात दोन दिवस! बायको भाजी निवडता निवडता म्हणते, "अहो, मला येतोय की उजवीकडून." मी खेकसलो, "तू गप्प बस! अण्णा नाही म्हणतायत ना?"

शेवटी मेकॅनिक आणला. तो शहाणा थेट अण्णांच्या खुर्चीत बसला. "साहेब, हा तर कोकलतोय!" मी बसलो… कोकलत होता हो! अण्णा आपल्या उजव्या कानाला हात लावून उभे.

कानाचे डॉक्टर म्हणाले, "उजवा जाऊन वर्ष झालं असेल. डावाही त्याच वाटेवर आहे." वर्ष! आणि वर्षभर आम्ही काय म्हणत होतो? म्हातारा हट्टी झालाय, हाकेला मुद्दाम ओ देत नाही! लाज वाटली हो, फार लाज वाटली.

आता रोज संध्याकाळी सिनेमा लावतो, त्यांच्या डाव्या बाजूला बसतो, विचारतो. म्हणतात, "येतोय, येतोय!" काल मात्र मेन वायरच निसटलेली, सगळे स्पीकर ठार बंद! मी वळून, हातवारे करून विचारलं, "अण्णा, आवाज येतोय का?"

खुशीत मान डोलावली. "येतोय की! चारी बाजूंनी!"

आता काय दुरुस्त करणार, सांगा? वायर लोंबकळत सोडली, शेजारी बसलो आणि अख्खा सिनेमा मुकाच बघितला.