करंडीवरची गाठ

आमच्या सुमनआत्याला कमी समजायचं नाही बरं का! नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. मी तिला बडोदा बघायला नेलं होतं. तिथं आम्ही सातआठ जण एका वाटाड्याबरोबर जुन्या शहरात ठेल्याठेल्यावर खात पायी फिरत होतो. वाटाड्या मराठीच, पण ऐट भारी. आत्यानं आपलं गाव सांगितलं, तसा म्हणाला, "निमगाव केतकी? हे कुठं आलं?"

"इंदापूरजवळ."

"असेल, असेल," म्हणत तो पुढं निघाला. आत्यानं त्यानं पुढं केलेली सेवउसळ खाऊन संपवली.

शेवटी पानाचा ठेला आला. वाटाड्या म्हणाला, "असं पान बडोद्याबाहेर मिळायचं न्हाई कुणाला!"

आत्यानं पानांची करंडी जवळ ओढली. तिला बांधलेली केळीच्या सोपटाची, म्हणजे वाळक्या सालीची दोरी निरखून म्हणाली, "ही गाठ आमच्या गावची हाय. चाळीस वर्सं पानमळ्यात हीच मारत आले मी."

वाटाड्या मोठ्यानं हसला. पानवाला मात्र हसला नाही. म्हणाला, "बाई बरोबर बोलतात. माल निमगाव केतकीचाच."

मग काय! आत्यानं पदर खोचला आणि सगळ्यांच्या हातावर स्वतः विडे ठेवले. "घ्या, लाजू नका. घरचंच हाय."

वाटाड्यानं विडा तोंडात कोंबला आणि ओशाळून विचारलं, "मावशी, कुठं आलं म्हणालात तुमचं गाव?"

आत्या म्हणाली, "तुमच्या तोंडात."